आत्मचरित्राचें दुसरें वाचन

कांहीं ग्रंथ एकदां वाचून बाजूस ठेवावे. कांहीं मात्र वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पुन्हा उघडावे. लोकनायकांचीं आत्मचरित्रें या दुसऱ्या वर्गांत मोडतात. ग्रंथांतील अक्षरें तींच राहतात. वाचणाऱ्याचा अनुभव वाढतो, आणि पूर्वीं मुक्या वाटलेल्या ओळी बोलूं लागतात.

आपल्या परभणी जिल्ह्याच्या इतिहासाशीं निगडित असें एक उदाहरण घेऊं. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमींचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, यांनीं हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी इंग्रजींत लिहिल्या व त्या १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्या. ग्रंथाच्या नांवांत लढ्याचा उल्लेख आहे, स्वतःचा नाहीं. यावरूनच लेखकाची वृत्ति ध्यानांत यावी.

विद्यार्थिदशेंत हा ग्रंथ वाचतांना आमचें मन धामधुमीच्या प्रसंगांतच रमलें. १९३८ च्या ऑक्टोबरांतील सत्याग्रह, १५ ऑगस्ट १९४७ रोजीं हैदराबादेंत तिरंगा फडकविल्याबद्दल झालेली अटक, १३ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानांत शिरलेलें भारतीय सैन्य आणि १७ तारखेस निजामानें पत्करलेली शरणागति, या घटनांनीं कोणाहि मुलाचें रक्त सळसळावें हें स्वाभाविकच आहे.

प्रौढ वयांत मात्र दोन तारखांमधील अंतर अधिक विचार करावयास लावतें. लोकमान्यांच्या निधनानंतर, १९२० सालीं, या तरुणानें ब्रह्मचर्याची व देशसेवेची प्रतिज्ञा केली. तेथून सत्याग्रहापर्यंत अठरा वर्षें गेलीं. त्या अवधींत त्यांनीं शिक्षण पुरें केलें, ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांचें कार्य केलें, आजार सोसला, १९३२ सालीं संन्यास घेतला. आणि विशेष म्हणजे हिप्परगा व पुढें अंबाजोगाई येथें शाळेंत मुलें शिकविलीं. ज्याच्या घरीं मुलें शिकत आहेत अशा पालकास या शांत वर्षांचें मोल चटकन् कळतें.

शाळा हेंच कार्यक्षेत्र कां? निजामी राज्यांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें, आणि ‘गस्ती निशाण ५३’ या हुकुमानें सभांवर परवानगीचें बंधन घातलेलें होतें. म्हणून शाळा, वाचनालयें व परिषदा यांतूनच लोकजागृति करावी लागे. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें भरलें. परतूर हल्लीं जालना जिल्ह्यांत असलें, तरी त्या वेळीं परभणी जिल्ह्यांतच होतें. राजकीय चळवळीचा पाया असा पाटी-पुस्तकांवर रचला गेला.

दुसऱ्या वाचनांत आणखी एक विवेक येतो. आत्मचरित्र हें एका माणसाच्या जागेवरून सांगितलेलें असतें. त्याच्या जोडीस इतरांची साक्षहि ठेवावी लागते. रझाकारांच्या जुलमाच्या हकीकती मराठवाड्यांत आजहि सांगितल्या जातात. पोलीस कारवाईनंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जो अनर्थ ओढवला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. तिचा अहवाल कित्येक दशकें जनतेपुढें आला नव्हता. दोन्हीं दुःखें जाणल्यानें स्वातंत्र्याचें मोल उणें होत नाहीं. तें टिकविण्याची जबाबदारी मात्र कळते.

विद्यार्थिमित्रांनो, हा ग्रंथ आतां वाचा, आवडलेल्या जागीं पेन्सिलीनें खूण करा, आणि वीस वर्षांनीं पुन्हा उघडा. नव्या खुणा कोठें पडतात तें पाहिलें म्हणजे आपण किती वाढलों हें समजेल. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं तो मुलांबरोबर वाचावा, आणि घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीहि वेळींच लिहून घ्याव्या.