काकूंचं तोंड चढलेलं नव्हतंच!

आमच्या दापोलीतल्या शेजारच्या काकू हसेनाशा झाल्या, तेव्हा सून म्हणाली, "यांचं तोंड कायम चढलेलं!" रात्री झोपेत त्या ओरडायच्या, लाथा झाडायच्या. भाकरी थापताना उजवा हात मागे पडायचा. वय झालं, म्हणून आम्हीही सोडून दिलं. मग हात कापायला लागला आणि निदान झालं, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात.

मेंदूत खोलवर काळसर पेशींचा छोटासा पुंजका असतो. तो डोपामिन नावाचं रसायन बनवतो. त्या पेशी मरू लागल्या की हालचाल मंदावते. चेहऱ्याचे स्नायूसुद्धा! माणूस मनात हसतो, पण चेहऱ्यावर दिसत नाही. स्वप्न पडताना मेंदू अंग सैल ठेवतो, तेही बिघडतं, कधीकधी कंप सुरू होण्याआधी कितीतरी वर्षं. उदासीही या दुखण्याचाच भाग.

आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, तेच गोळीतही. पण म्हणून कुणी दिलेली पूड परस्पर सुरू करू नका, आणि गोळी तर आपल्या मनाने मुळीच थांबवू नका.

पुण्यात हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, हे मी काकूंना सांगितलं. "आता नाचू होय गं?" त्या म्हणाल्या. सून खळखळून हसली. काकूही हसल्या असणार.