गाडीच्या आधाराने छप्पर : ऑनिंग आणि ताडपत्री

(व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांचे दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)

गाडी घेऊन आपण मुक्कामाला जातो, तेव्हा डोक्यावर काय बांधायचं, हा आजचा विषय. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती बाय किती पाहिजे?’ आणि आपणही लांबी-रुंदीतच अडकतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. पडलेलं पाणी कुठून वाहून जाणार? आणि वारा कुठून येणार? छप्पर निकामी होतं ते बहुतेक वेळा या दोन कारणांनी. कापड गळणं हे त्यानंतरचं कारण.

थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर कापडावर एक सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते 10 लिटर, म्हणजे 10 किलो होतं. गाडीला लावायचं साधं ऑनिंग अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असतं, म्हणजे 5 चौरस मीटर. अर्ध्या तासात 20 मिलिमीटर पाऊस झाला, की त्यावर 100 लिटर पाणी पडतं. उतार नसेल तर ते मधे साचतं, कापड खाली झोळतं, झोळलं की अजून साचतं. शेवटी पाय वाकतात किंवा कॅरियरजवळचा जोड निखळतो, आणि खाली माणसं बसलेली असतात.

वाऱ्याचं गणित आणखी कडक आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौरस मीटरला ढोबळमानाने 6 किलोचा जोर लागतो. ताशी 72 ला तो 24 किलो होतो. याच 5 चौरस मीटरच्या कापडात वारा भरला, तर 120 किलोची ओढ झाली. चार बारीक मेखा ती सहन करणार नाहीत.

काय घ्यावं?

ऑनिंग म्हणजे छतावरच्या कॅरियरला पक्कं बसवलेलं, गुंडाळून पिशवीत राहणारं छत. ते पाच-दहा मिनिटांत उघडतं, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याचं वजन साधारण 10 ते 15 किलो असतं आणि ते कायम गाडीच्या माथ्यावर असतं. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत छतावर किती वजन चालतं, ते आधी बघा. शिवाय गाडी हलवायची झाली की छप्पर गुंडाळावं लागतं. एकाच जागी तीन दिवस राहून गाडीने इकडेतिकडे फिरायचं असेल, तर ऑनिंगपेक्षा सुटी ताडपत्री बरी.

ताडपत्री घेताना ‘जीएसएम’ विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. तीन बाय चार मीटरची, 150 जीएसएमची ताडपत्री पावणेदोन-दोन किलो भरते. एक-दोन रात्रींना ती पुरते. खूप जाड घेतली की ओझं वाढतं आणि घडी नीट होत नाही. प्लास्टिकच्या विणीची ताडपत्री स्वस्त आणि जलरोधक असते, पण उन्हाने ठिसूळ होते. म्हणून ऊन सोसणारी, ‘यूव्ही’ प्रक्रिया केलेली मागा. कापडी प्रकारात पॉलिएस्टर निवडा. नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात.

मग कडा बघा. काठ दुमडून शिवलेला किंवा आत दोरी घातलेला असावा, आणि कड्या दर तीन फुटांवर तरी असाव्यात. एखादी कडी तुटली तर घाबरू नका. सुपारीएवढा गोल खडा कापडात गुंडाळा आणि त्याच्या मानेला दोरी आवळा. कडीपेक्षा हे जास्त टिकतं.

कसं बांधावं?

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा आणि छप्पर तिच्या आडोशाला. पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळे मोकळी बाजू पूर्वेकडे ठेवा. वळवाच्या पावसात मात्र वारा दिशा बदलतो, तिथे हा नियम धरून बसू नका.

बाहेरचा एक पाय दुसऱ्यापेक्षा निदान एक वीत खाली ठेवा. पाणी एकाच कोपऱ्यातून पडेल. तो कोपरा जमिनीच्या उताराकडे असावा. खाली अंथरलेलं प्लास्टिक छपराबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पागोळ्यांचं पाणी त्यावर पडून अंथरुणाखाली येतं.

मेखेचं डोकं छपरापासून बाहेर कललेलं हवं. कातळसड्यावर मेख शिरत नाही. तिथे दोरी एका दगडाला बांधून त्याच्यावर दुसरा जड दगड ठेवा. वाळूत मेख उपटून येते, म्हणून वाळू भरलेल्या पिशवीला दोरी बांधून ती हातभर खोल पुरा. दोरी आवळायला ट्रकवाल्यांची गाठ शिका. दोरीच्या मधे एक फास करायचा, टोक मेखेभोवती नेऊन त्या फासातून ओढायचं आणि आवळून बांधायचं. प्रत्येक दोरीत सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घातलात, तर झोताचा धक्का रबर खातं आणि कडी वाचते.

शेवटची गोष्ट. झोपताना किंवा जागा सोडून जाताना ऑनिंग गुंडाळा. वारा वाढायला लागला की पहिलं काम तेच. छप्पर वेळेवर उतरवणं हा ते वापरण्याचाच भाग आहे.

प्रश्न : पावसात बाजूचे पडदे लावून आत शेगडी पेटवली तर चालेल का?

नाही. कोळसा असो की गॅस, बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. स्वयंपाक करताना समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवा. झोपायच्या जागेत निखारे नेऊ नका. पडदे लावलेले असताना गाडीचं इंजिनही चालू ठेवू नका, तोच वायू त्या धुरात असतो.

प्रश्न : विजा कडाडायला लागल्या तर ऑनिंगखाली थांबावं का?

थांबू नये. ऑनिंगला धातूचे पाय असतात आणि आपण उघड्यावर असतो. झाडाखाली तर मुळीच जाऊ नका. पत्र्याचं छत असलेल्या गाडीत बसा, काचा वर करा, आणि दाराच्या धातूला हात लावू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग बाहेर या. तेवढ्यात ताडपत्री उडाली तर उडू द्या, ती नवीन आणता येते.