शेवटची ओळ कुठं आहे? : रोज बदलणाऱ्या तक्त्यात मॅक्रोनं सूत्र भरणं

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. तक्त्याची लांबी रोज बदलत असेल, तर मॅक्रोकडून त्यात सूत्र कसं भरून घ्यायचं, एवढाच. पण नागभीडमध्ये बसून हा विषय मांडायचा तर उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. तेंदूपत्त्याची फळी घेऊ.

ज्यांनी फळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लोक पहाटे जंगलात जातात, पानं तोडून घरी आणतात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर घेऊन येतात. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी शेकड्यावर, म्हणजे १०० पुड्यांचे इतके रुपये. मुन्शी रांगा मोजतो, आकडा लिहितो. पूर्वी ही वही ठेकेदाराकडे असायची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, आणि २०१३ च्या सुमारास गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा स्वतः पानाची विक्री करू लागल्या. जिथं विक्री गावाची, तिथं हिशेबही गावाचा. मुन्शीची वही आता गावातल्याच कुणा बारावी झालेल्या मुलामुलीच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आली.

तर तक्ता असा समजा. ए स्तंभात नाव, बी मध्ये टोला, सी मध्ये पुडे आणि डी मध्ये मजुरी. पहिली ओळ शीर्षकांची. शेकड्याचा दर बाजूला जी१ या घरात. समजा ४०० रुपये. डी२ मध्ये सूत्र साधं: सी२ गुणिले जी१ भागिले १००. जी१ ला डॉलरची खूण लावून ते घर पक्कं करायचं, म्हणजे सूत्र खाली गेलं तरी दराचं घर हलत नाही.

पहिल्या दिवशी फळीवर ४८ जण आले. आपण मॅक्रो रेकॉर्डर चालू केला, डी२ मध्ये सूत्र लिहिलं, खाली ओढलं, रेकॉर्डर बंद केला. मॅक्रो तयार! दुसऱ्या दिवशी ६३ जण आले. बटण दाबलं, खटकन सूत्रं भरली, बेरीज आली. सगळे खूश.

आता तो मॅक्रो उघडून बघा. रेकॉर्डरनं लिहिलंय की डी२ पासून डी४९ पर्यंत भर. त्याला तुमच्या मनातलं "शेवटपर्यंत" कळत नाही. तुम्ही काल हात जिथं थांबवला, ते घर त्यानं लिहून ठेवलं. आज ओळ ६४ पर्यंत नावं आहेत. ५० ते ६४ या १५ ओळींत मजुरीचं घर कोरं. प्रत्येकाचे १५० पुडे धरले तर माणशी ६०० रुपये, म्हणजे ९००० रुपये बेरजेत आलेच नाहीत. आणि एक्सेल तोंडातून शब्द काढत नाही. लाल खूण नाही, चूक झाल्याची सूचना नाही. बेरीज नीटनेटकी दिसते.

हे १५ जण कोण, ते बघा. तक्त्याच्या तळाशी कोण असतं? जो उशिरा आला तो. ज्याचा टोला सगळ्यात लांब, ज्याचं नाव पहिल्या यादीत नव्हतं आणि मागाहून जोडलं, तो. चूक सगळ्यांत सारखी वाटली जात नाही, ती नेहमी त्याच टोकाला जाते. पुढं विक्रीनंतर बोनस वाटायचा तर तोही पुड्यांच्याच प्रमाणात. तीच यादी, तोच मॅक्रो वापरला तर तोच माणूस दुसऱ्यांदा मागे राहतो.

एका ताईंनी विचारलंय, "आम्ही तर नाव मधातच घालतो, टोल्याप्रमाणं. मग?" चांगला प्रश्न. बेरजेचं सूत्र डी२ ते डी४९ असं असेल आणि तुम्ही विसाव्या ओळीपाशी नवी ओळ घातली, तर एक्सेल ती कक्षा आपोआप डी५० पर्यंत वाढवतं. म्हणून मधात घातलेली माणसं बेरजेत राहतात. तळाखाली लिहिलेली मात्र कक्षेच्या बाहेरच पडतात. आणि मधात घातलेल्या ओळीतही मजुरीचं सूत्र आपोआप येईलच, असा भरवसा धरू नका.

ही फक्त गावातल्या पोरांची चूक आहे असं कुणाला वाटत असेल तर ऐका. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे हार्वर्डचे नामवंत अर्थतज्ज्ञ. २०१० साली त्यांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. सरकारी खर्चात कपात करा म्हणणाऱ्यांनी जगभर त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांचा तक्ता मागवून तपासला. सरासरीचं सूत्र ओळ ३० ते ४९ वर हवं होतं. ते ३० ते ४४ वरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क असे पाच देश बाहेर. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, तो भाग वेगळा. पण ही चूक आणि आपल्या फळीची चूक सख्ख्या बहिणी आहेत.

आता उपाय. शेवटची ओळ लक्षात ठेवायची नाही, दर वेळी तक्त्यालाच विचारायची. पडद्यावरची ओळ वाचतो. टाइप करताना ही अक्षरं रोमन लिपीत करायची, इथं उच्चाराप्रमाणं देतोय:

शेवट = सेल्स(रोज.काउंट, "ए").एंड(एक्सएलअप).रो

अर्थ असा. ए स्तंभाच्या अगदी तळाला जा, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीला, आणि तिथून कंट्रोल व वरचा बाण दाबल्यासारखं वर ये. जिथं पहिलं भरलेलं घर लागेल, ती शेवटची ओळ. वरून खाली का जायचं नाही? कारण मधे एखादं घर कोरं असेल तर वरून येणारा तिथंच थांबतो, आणि त्याखालची सगळी माणसं गेली. आणि स्तंभ कोणता धरायचा? जो कधीच कोरा नसतो तो. पुड्यांचा नको, नाव आहे पण आकडा अजून यायचाय असं होतं. म्हणून नावाचा.

'शेवट' हा चल लाँग प्रकारचा जाहीर करा. इंटिजर ३२,७६७ पर्यंतच जातो. एका फळीला तेवढं पुरेल, पण साऱ्या फळ्यांचा हंगामभराचा तक्ता एकत्र केला की मॅक्रो अडकतो.

मग सूत्र भरायचं:

रेंज("डी२:डी" & शेवट).फॉर्म्युला = "=सी२*$जी$१/१००"

इथली & ही खूण "डी२:डी" या मजकुराला आकडा चिकटवते. शेवट ६४ असेल तर कक्षा डी२ ते डी६४ होते. पुष्कळ जण इथं एकेका ओळीवर फिरणारं चक्र लिहितात. त्याची गरज नाही. पहिल्या घराला योग्य असलेलं सूत्र अख्ख्या कक्षेला एकदम द्या. खालच्या ओळींत सी२ चं सी३, सी४ एक्सेल स्वतः करतं.

आता खड्डे, कारण आम्ही त्यात पडलेलो आहोत. पहिला: उद्या ४० च जण आले तर ४२ ते ६४ या ओळींत आजची सूत्रं तशीच राहतात. म्हणून भरण्याआधी डी२ पासून खालचं सगळं पुसायचं, क्लिअरकंटेन्ट्स वापरून. दुसरा खड्डा वाईट आहे. तक्ता रिकामाच असेल तर शेवट १ येतो आणि कक्षा होते डी२:डी१. एक्सेल ती मुकाट्यानं डी१ ते डी२ अशी वाचतं. तुमचं 'मजुरी' हे शीर्षक जातं, आणि सूत्र पहिल्या ओळीपासून सुरू झाल्यामुळं एका ओळीनं सरकतं. म्हणून आधीच अट घाला: शेवट २ पेक्षा लहान असेल तर बाहेर पड.

तिसरा खड्डा आमचा खास. आम्ही एकदा यादीखाली 'एकूण' लिहून बेरीज टाकायचो. दुसऱ्यांदा मॅक्रो चालवला तेव्हा 'एकूण' हे त्याला माणसाचंच नाव वाटलं! त्या ओळीला मजुरी लागली, आणि रक्कम दुप्पट. सुदैवानं दुप्पट बेरीज लगेच डोळ्यात भरते. कमी आलेली भरत नाही. तेव्हापासून बेरीज वर, जी२ मध्ये. आणि खरं सांगायचं तर तिला मॅक्रो लागतच नाही: अख्ख्या डी स्तंभाची बेरीज मागा, शीर्षकाची अक्षरं एक्सेल सोडून देतं.

जी३ मध्ये नावांची मोजणी ठेवा: काउंटए ए:ए, वजा १ शीर्षकाचा. जी४ मध्ये रकमांची मोजणी, काउंट डी:डी. दोन्ही आकडे सारखे नसतील तर पैसे वाटायचे नाहीत. कुणी पुड्यांच्या घरात 'दीडशे' असं अक्षरी लिहिलं असेल तर तेही इथंच पकडलं जातं.

मागून विचारणा आहे, मॅक्रोशिवाय होत नाही का? होतं. एका फळीचा एकच तक्ता असेल तर यादी निवडून कंट्रोल-टी दाबा. तिचं टेबल बनतं, खाली नवं नाव लिहिलं की टेबल वाढतं आणि सूत्र आपोआप उतरतं. आमच्या मते निम्म्या लोकांना एवढंच पुरे. मॅक्रो लागतो तो रोज वेगळी फाइल येते तेव्हा, किंवा दहा फळ्यांच्या दहा पानांवर तेच काम करायचं असतं तेव्हा. अशा वेळी मॅक्रोत पानाचं नाव स्पष्ट लिहा, नाहीतर समोर जे पान उघडं असेल त्यावर तो चालतो.

दोन गोष्टी राहिल्या. मॅक्रो चालला की त्याआधीचं पूर्ववत करता येत नाही, कंट्रोल-झेड तिथं हात टेकतं. म्हणून बटण दाबण्याआधी फाइलची तारखेनिशी एक प्रत करा. आणि फाइल एक्सएलएसएम या प्रकारात साठवा. साध्या एक्सएलएसएक्स मध्ये साठवलीत तर मॅक्रो गळून जातो, आणि जुन्या एक्सएलएस मध्ये ६५,५३६ च ओळी बसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या जवळजवळ १६,००० कोरोना रुग्णांच्या नोंदी याच जुन्या प्रकारामुळं वेळेवर पुढं गेल्या नव्हत्या. त्याही तळाच्याच ओळी होत्या.

आता लॅपटॉप उघडा. कालच्या फळीची यादी घ्या, खाली तीन खोटी नावं जोडा, बटण दाबा, आणि जी३ व जी४ जुळतात का ते बघा.