पाट्या बदलल्या, भिंतींचं काय?

कीव्हमध्ये पोलिश आईबापांच्या पोटी जन्मलेले चित्रकार मालेविच रशियन की युक्रेनियन? ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने २०२३मध्ये ‘युक्रेनियन’ असा कौल दिला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही चित्रकार कुइंजी आणि रेपिन यांच्या पाट्या बदलल्या. उशिरा का होईना, बरं झालं. पण ही मंडळी मुळातच नामांकित. ज्यांच्यासाठी पाटी लावायला चित्रच उरलं नाही, त्यांचं काय?

उदाहरणार्थ, मिखाइलो बोइचुक. पॅरिसमध्ये नाव कमावून आलेले बोइचुक १९१७च्या अखेरीस कीव्हमध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीत प्राध्यापक झाले. बायझंटाइन चित्रशैली आणि खेड्यातली लोककला यांचा मेळ घालून सार्वजनिक भिंती रंगवायच्या, हा त्यांचा ध्यास. शिष्यांना ‘बोइचुकपंथी’ म्हटलं जाऊ लागलं. सुरुवातीला नव्या सोव्हिएत राजवटीलाही ते हवेच होते. कीव्हमधल्या बराकी, ओडेसातलं शेतकऱ्यांचं आरोग्यधाम अशी कामं मिळाली. पुढे वारं फिरलं आणि १९२६-२७चा युरोप दौराच त्यांच्यावर शेकला. १३ जुलै १९३७ रोजी बोइचुक आणि त्यांचे शिष्य इवान पदाल्का व वासिल सेदल्यार यांना गोळ्या घातल्या. डिसेंबरमध्ये बोइचुक यांच्या पत्नी, काष्ठठशांच्या चित्रकार सोफिया नालेपिन्स्का यांनाही. भित्तिचित्र गुंडाळून लपवता येत नाही. ती बहुतेक सगळी गेली. ल्विव्हच्या संग्रहालयात उरलेली बोइचुक यांची कामंही १९५२ साली नष्ट करण्यात आली.

कॅनव्हासचं नशीब थोडं बरं. १९३७ ते १९३९ या काळात ‘जनतेच्या शत्रूं’ची चित्रं कीव्हच्या संग्रहालयात ‘विशेष निधी’ नावाच्या गुप्त कोठारात डांबली गेली. चौकटीतून काढून गुंडाळलेली, कलामूल्य शून्य असा शेरा मारलेली. नष्ट करायला जमवलेला हा साठाच आज युक्रेनियन आधुनिकतेचा मोठा पुरावा आहे. सरकारी दप्तरदिरंगाईचे आभार मानावेत, अशी इतिहासातली ही विरळी वेळ!

चित्रकार अनातोल पेत्रित्स्की स्वतः वाचले, पण त्यांनी रंगवलेली माणसं एकेक करून ‘शत्रू’ ठरत गेली, तशी त्यांची व्यक्तिचित्रंही नष्ट होत गेली. फ्युचरिस्ट कवी मिखाइल सेमेन्को यांचं १९२९चं चित्र उरलं. सेमेन्कोंना मात्र १९३७मध्ये गोळी घातली गेली.

देश सोडलेल्यांचं वेगळंच. कलावंत आर्किपेन्को आणि बुर्लियुक अमेरिकेत वारले, एक्सतेर पॅरिसजवळ वारल्या. जगाने त्यांची दखल घेतली, पण बहुधा ‘रशियन’ म्हणून.

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी कीव्हमध्ये उरलेली अशी चित्रं प्रदर्शनासाठी ट्रकमधून माद्रिदला निघाली आणि काही तासांतच शहरावर क्षेपणास्त्रं कोसळली. तिथून हे प्रदर्शन फिरत फिरत २०२४मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत पोहोचलं. त्याचं कौतुक झालं ते योग्यच. पण युक्रेनविषयीची सहानुभूती ओसरली की पाट्या पुन्हा जुन्या होतील, अशी शंका येते. तेव्हा कुठे ‘रशियन अवाँ-गार्द’ असं लिहिलेलं दिसलं, तर चित्रकाराचं जन्मगाव आणि मृत्यूचं साल एकदा नक्की तपासा.