शिफारसपत्राचे गद्य : परिसरशास्त्रज्ञांच्या पुरस्कारांविषयी

पुरस्कार जाहीर झाला की विजेत्याचे अभिनंदन होते आणि निवड समितीवर चर्चा होते. या दोघांच्या आधी एक तिसरी व्यक्ती असते; तिचा विचार सहसा कुणी करत नाही. ती म्हणजे शिफारस लिहिणारी व्यक्ती. समितीपुढे माणूस जात नाही, त्याच्याविषयीचा कागद जातो. तो कागद कुणीच लिहिला नाही, तर समिती कितीही निःपक्षपाती असली तरी तिच्यापुरते ते काम घडलेलेच नसते.

मी साहित्य शिकवते. सुदामा नगरातल्या आमच्या घरी गेली काही वर्षे विज्ञान शाखेतले सहकारी आणि जुने विद्यार्थी "मॅडम, जरा भाषा बघून द्या" म्हणत असे मसुदे आणून देतात. त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. खरी अडचण लेखनप्रकाराची असते. आपल्या हाताला मानपत्राचे वळण आहे आणि शिफारसपत्र हा अगदी निराळा गद्यप्रकार आहे. तो कसा असतो, परिसरशास्त्रात तो लिहिणे विशेष अवघड का, आणि लेखक-शिक्षकांचा त्यात काय वाटा असू शकतो, हे येथे मांडायचे आहे.

दोन शब्दांविषयी

आपण इंदूरकर 'नामांकन' म्हणतो. हिंदीच्या सहवासात तो शब्द आपल्या तोंडी रुळला आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत 'नामनिर्देशन' दिसतो. 'शिफारस' हा फारसीतून आलेला जुना शब्द, पण त्याला वशिल्याचा वास चिकटलेला. तरीही मला तोच जवळचा वाटतो. नामांकन करणारा नाव देतो. शिफारस करणारा त्या नावामागे स्वतः उभा राहतो.

दुसरा शब्द परिसरशास्त्र, म्हणजे हिंदीतली पारिस्थितिकी. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, हवेशी जे संबंध असतात त्यांचा हा अभ्यास. 'पर्यावरण' हा शब्द त्याहून व्यापक आहे आणि रोजच्या वापराने ढिला झाला आहे. झाडे लावणारा, नदीसाठी आंदोलन करणारा, प्रदूषण मोजणारा आणि एकाच तलावातल्या वनस्पतींचा वीस वर्षे हिशेब ठेवणारा, या सगळ्यांना आपण 'पर्यावरणवादी' म्हणून मोकळे होतो. शिफारसपत्रात हा ढिलेपणा महागात पडतो.

पुरस्कारांच्या तीन वाटा

पहिली वाट व्यवसायबंधूंची. परिसरशास्त्रज्ञांच्या संस्था आपल्याच क्षेत्रातल्या कामाचा गौरव करतात. अमेरिकेतल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा जॉर्ज मर्सर पुरस्कार एका उत्तम शोधनिबंधासाठी असतो आणि तो तरुण संशोधकाला मिळतो. रॉबर्ट मॅकआर्थर यांच्या नावाचा पुरस्कार कारकिर्दीच्या मधल्या टप्प्यावरच्या संशोधकासाठी, तर 'एमिनंट इकॉलॉजिस्ट' हा दीर्घ कार्यासाठी. म्हणजे लिहायला बसण्याआधी ठरवायचे ते हे, की आपण एका निबंधाची शिफारस करतो आहोत, एका दशकाची की एका आयुष्याची.

दुसरी वाट राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८पासून दिला जाई. वयाची मर्यादा ४५ वर्षांची. कुणीही उठून नाव सुचवावे अशी तेथे सोय नव्हती. संस्थाप्रमुख, आधीचे विजेते अशा ठरावीक मंडळींकडूनच नावे जात. असीमा चॅटर्जी यांना १९६१ साली तो मिळाला. त्या पहिल्या महिला विजेत्या. २०२२च्या पुरस्कारांसाठी २०२३ साली जाहीर झालेल्या यादीतले बाराही विजेते पुरुष होते. अशी यादी पाहिली की निवड कशी झाली असे आपण विचारतो. त्याआधीचा प्रश्न असा, की कुणाकुणाची नावे पाठवलीच गेली नव्हती? २०२३मध्येच या पुरस्कारांची फेररचना होऊन 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' आले आणि २०२४ साली ते प्रथम देण्यात आले. त्यांत विज्ञान रत्न, विज्ञान श्री आणि विज्ञान युवा यांच्याबरोबर 'विज्ञान टीम' हा गटाचा पुरस्कारही आहे. परिसरशास्त्रातले काम बहुधा गटानेच होते, म्हणून ही भर महत्त्वाची.

तिसरी वाट नागरी सन्मानांची. १९५४पासून दिल्या जाणाऱ्या पद्म पुरस्कारांसाठी आता कोणताही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो. स्वतःचे नाव पाठवण्यासही मुभा आहे. कार्याचे वर्णन मात्र जास्तीत जास्त ८०० शब्दांत करायचे. सरकारी नोकरीत असलेल्यांना हे पुरस्कार मिळत नाहीत, पण डॉक्टर आणि वैज्ञानिक त्याला अपवाद आहेत. आणि साधारणपणे ते मरणोत्तर दिले जात नाहीत. हा शेवटचा नियम शिफारस करणाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावा.

एक माणूस, तीन मसुदे

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मी एक अभ्यास देते. माधव गाडगीळ यांच्यासाठी तीन परिच्छेद लिहा : एक संशोधनाच्या पुरस्कारासाठी, एक संस्था आणि क्षेत्र उभे केल्याबद्दल, एक समाजोपयोगी कार्याबद्दल. बहुतेक जण तिन्ही परिच्छेदांची सुरुवात 'पश्चिम घाटाचे तारणहार' अशीच करतात. मग आम्ही एकत्र बसून माहिती वाटून घेतो.

संशोधनाच्या परिच्छेदात १९७० सालचा विल्यम बॉसर्ट यांच्यासोबतचा निबंध येतो. सजीव आपली ताकद वाढीवर किती आणि पुनरुत्पादनावर किती खर्च करतो, नैसर्गिक निवडीने हा हिशेब कसा ठरतो, याची गणिती मांडणी त्यात आहे. तेथे पश्चिम घाटाचा उल्लेखही लागत नाही. दुसऱ्या परिच्छेदात हार्वर्डहून १९७१ साली भारतात परत येणे, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत केलेला देवरायांचा अभ्यास आणि १९८३ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेले परिसरशास्त्राचे केंद्र येते. तिसऱ्यात देशातले पहिले, १९८६ सालचे निलगिरी जीवावरण क्षेत्र, गावोगावच्या लोकांनी स्वतः लिहायच्या जैवविविधता नोंदवह्या आणि २०१०-११मधली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती.

त्यांना १९८१ साली पद्मश्री, १९८६ साली भटनागर पुरस्कार, २००६ साली पद्मभूषण आणि २०१५ साली जेन लुबचेंको यांच्यासोबत टायलर पुरस्कार मिळाला. माणूस एकच, पण प्रत्येक पुरस्कार त्याला निराळा प्रश्न विचारतो. शिफारसपत्राने त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. सगळे चरित्र सांगायचे नसते. हे एकदा कळले की विद्यार्थ्यांच्या लेखणीतून 'तारणहार' आपोआप गळून पडतो.

रकाना कोणता?

पद्म पुरस्कारांत परिसरशास्त्राला स्वतंत्र रकाना नाही. विज्ञान व अभियांत्रिकी आहे, समाजकार्य आहे, साहित्य व शिक्षण आहे. वन्यजीव संरक्षण 'इतर' या सदरात बसते. याचे परिणाम आपल्याजवळच पाहता येतात. सुदामा नगरापासून सिरपूर तलाव लांब नाही. २०२२ साली तो रामसर यादीत आला. तो वाचावा म्हणून भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झटले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ती कला-छायाचित्रण या सदरात. वनाधिकारी म्हणून जंगलात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती साहित्य व शिक्षणासाठी. देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांची २०२०ची पद्मश्री शेतीच्या नावे आहे.

तिघांचाही सन्मान यथायोग्यच होता. चितमपल्लींनी पक्षी आणि झाडे यांच्यासाठी मराठीला जे शब्दभांडार दिले, ते साहित्यच आहे. तरी शिफारस करणाऱ्याने यातून एक गोष्ट शिकावी. परिसराचे काम अनेक रकान्यांच्या सीमेवर असते, आणि सीमेवरच्या माणसाला कोणत्या दारातून आत न्यायचे हे शिफारस लिहिणारा ठरवतो. दार चुकले तर चांगले कामही परीक्षकांना परके वाटते.

'इंदूर पद्धत' आणि तिची माणसे

आपल्या शहरातलेच एक जुने उदाहरण पाहू. १९२४ साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक वेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. १९३१ साली तिच्यावरचे पुस्तक ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयातर्फे निघाले. १९३४ साली हॉवर्ड यांना 'सर' ही पदवी मिळाली.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्या संस्थेतले रसायनशास्त्राचे जाणकार. शिवाय हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, अनेक वर्षे त्यांच्या बरोबरीने संशोधन करत होत्या. १९३० साली त्या वारल्या. थर रचणारे आणि उलटणारे मजूर तर कुठल्याच पानावर नाहीत. आज ओल्या कचऱ्याची गाडी सकाळी आपल्या दारात येते आणि इंदूर स्वच्छतेसाठी देशभर नावाजले जाते. पण कचऱ्यापासून खताच्या या शहरातल्या इतिहासात यशवंत वाड हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

हॉवर्ड यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पण परिसराचे काम एकट्याचे क्वचितच असते. गाडगीळांच्या देवरायांच्या अभ्यासात वर्तक आहेत, आणि या दोघांना झाडांची नावे व वहिवाट सांगणारे गावकरी आहेत. चांगले शिफारसपत्र नायकाला उंच करण्यासाठी इतरांना पुसत नाही. कुणाचा वाटा कोणता, हे ते स्पष्ट सांगते. परीक्षकांचा विश्वासही अशाच पत्रावर बसतो.

मसुदा लिहिताना

माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांतले ठरावीक वाक्य असे असते : 'डॉ. अमुक हे निसर्गाचे थोर उपासक असून त्यांनी आपले संपूर्ण जीवन पर्यावरणाला समर्पित केले आहे.' हे वाक्य कुणाविषयीही लिहिता येईल, म्हणून ते कुणाविषयीच नाही. त्याऐवजी, एक काल्पनिक उदाहरण घेऊ, असे लिहिता येईल : 'डॉ. अमुक यांनी सलग २५ हिवाळे एकाच तलावावर पाणपक्ष्यांची मोजणी केली. गाळ काढण्याचे काम नेमके विणीच्या महिन्यांत होते, हे त्यांच्या नोंदींवरून दिसून आले. नगरपालिकेने ते काम पुढे ढकलले. मूळ नोंदवह्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाहायला मिळतील.' येथे विशेषण जवळपास नाही, पण माणूस दिसतो.

चार प्रश्न हाताशी ठेवावेत. आधी काय स्थिती होती? यांनी नेमके काय केले? त्यामुळे काय बदलले? आणि हे खरे आहे याची खात्री कुणाकडून, कशावरून करून घेता येईल? परिसरशास्त्रात तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. धरण बांधणाऱ्याला धरण दाखवता येते. जंगल तुटू न देणाऱ्याच्या कामाचा पुरावा म्हणजे जे घडले नाही ते. ते सांगायचे तर आधीचा धोका तारीखवार मांडावा लागतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटते, जंगल होते तिथेच आहे, यात यांनी काय केले?

मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवायचा असला, तरी आपले शब्द टाकून देऊ नयेत. 'देवराई'चे नुसते 'जंगल' केले की देवाच्या नावाने राखलेपण निघून जाते, आणि अभ्यासाचा गाभा तोच असतो. मूळ शब्द ठेवून एका ओळीत अर्थ द्यावा. व्यक्तीला आधी विचारावे, तारखा आणि पदे तिच्याकडून तपासून घ्यावीत, आपले तिच्याशी नाते असल्यास ते लपवू नये. अटी आणि मुदती बदलतात. त्या दर वर्षी नव्याने पाहाव्यात.

थांबल्याने काय होते

माळव्यातल्या एका छोट्या गावच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. तीस वर्षे त्यांनी भोवतालच्या टेकड्यांवरच्या वनस्पती गोळा केल्या, वाळवून कागदांवर चिकटवल्या, प्रत्येकीखाली गाव, तारीख आणि स्थानिक नाव लिहिले. त्यांचे नाव कुठेतरी पाठवायला हवे, असे तिथल्या तीन-चार जणांना मनापासून वाटत होते आणि प्रत्येकाला वाटले की दुसरा लिहीत असेल. सर गेले. त्यांचे ते कागद कुठे आहेत हे मी विचारले तेव्हा कुणाला सांगता आले नाही.

पुरस्कार त्यांना मिळालाच असता, असे म्हणता येणार नाही. पण शिफारस लिहिण्यासाठी कुणी त्यांच्यासमोर बसले असते, तर किती नमुने आहेत, कुठल्या कपाटात आहेत, कोणती वनस्पती आता त्या टेकडीवर दिसत नाही, हे सारे कागदावर आले असते. निवड न झालेले शिफारसपत्रही त्या कामाची नोंद म्हणून मागे राहते आणि पुढचा अभ्यासक तिथून सुरुवात करू शकतो.

म्हणून भाषेच्या माणसांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयात, वस्तीत, गावात असे काम करणारे कुणीतरी असेलच. बहुधा त्यांना स्वतःविषयी लिहिता येत नाही, किंवा ते अवघड वाटते. त्यांच्याकडे एक दुपार जावे, वही उघडावी आणि ते चार प्रश्न विचारावेत. ८०० शब्द म्हणजे फार नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांचे निबंध त्याहून मोठे असतात.