थापटण्याची परीक्षा

स्वतःचे माप घेण्यास निश्चित मोजपट्टी सापडली नाही, म्हणजे मनुष्य इतरांकडे पाहून आपली योग्यता ठरवू लागतो, असा सिद्धांत लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडला. परंतु हिंगोली जिल्ह्यास अशा तुलनेतून उपजणाऱ्या व्यथेचा फार जुना दाखला ठाऊक आहे. परंपरेने नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या संत नामदेवांना गोरोबाकाका कुंभारांनी संतांच्या मेळ्यात मडकी ठोकण्याच्या थापटण्याने पारखून कच्चे मडके ठरवले, तेव्हा ते अतिशय व्यथित झाले आणि पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांच्या रूपाने त्यांना गुरू लाभला, अशी कथा आहे.

गोरोबांचे थापटणे सर्वांना एकच होते. मोबाईलवर मात्र आपले सबंध आयुष्य दुसऱ्याच्या निवडक क्षणांशी ताडले जाते. हिंगोलीच्या हळद बाजारात लिलावाची वाट पाहणारा तरुण पिवळ्या झालेल्या अंगठ्याने पडदा सरकवतो, पुण्यातील वर्गमित्राची नवी मोटार पाहतो, आणि सकाळी अभिमानाने उतरवलेल्या पोत्यांकडे पाहणेही त्यास नकोसे होते. मोटारीच्या कर्जाचा हप्ता छायाचित्रात कोठून दिसणार!

ही तुलना आवरण्यासाठी इन्स्टाग्रामवर पसंतीचे आकडे लपवण्याची तजवीज २०२१ पासून आहे. मन खट्टू करणारे खाते, त्या व्यक्तीस न कळता, ‘म्यूट’ही करता येते. खिन्नता दिवसेंदिवस टिकून झोप व भूक उडाल्यास ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, बोलता येते.