घोडनदीकाठची दफने

मृताबरोबर काय पुरले यावरून जिवंतांचा समाज ओळखता येतो. दक्षिण कोरियातील ग्योंगजू हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्राचीन सिल्ला राज्याच्या या राजधानीत राजघराण्यातील मृतांवर टेकड्यांसारखे उंचवटे रचलेले आहेत. लाकडी कोठडीत शव, तिच्यावर दगडांची रास आणि वर माती, अशी त्यांची रचना असे. लाकूड कुजले की दगड आत कोसळत. त्यामुळे चोरांना वाट मिळत नसे व सोने शाबूत राही. १९७३ ते १९७५ या काळात ह्वांगनामदेचाँग या जोडथडग्याचे उत्खनन झाले. सोन्याचा मुकुट तेथे राणीच्या समजल्या जाणाऱ्या बाजूस मिळाला. राजे, राण्या आणि त्यांचे वैभव या थडग्यांतून कळते.

आपल्याकडे असे काही आहे काय? सोन्याचे उंचवटे नाहीत. परंतु त्याहून सुमारे दीड-दोन हजार वर्षे जुनी दफने आपल्याच घोडनदीच्या काठी आहेत. ही नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. जुन्नरच्या कुकडीचे व मीनेचे पाणीही अखेर तिलाच मिळते.

याच नदीवर शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. ही शेतकऱ्यांची वस्ती इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात नांदत होती. तेथे लहान मूल गेले तर त्याला दोन कुंभांत ठेवून कुंभांची तोंडे एकमेकांस जुळवीत आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने उठून भटकू नये, ही त्यामागील समजूत असावी, असे संशोधक मानतात. एक दफन वेगळे आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते व त्याला धान्याचे कोठार होते. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घातलेला पुरुष मिळाला. तो गावचा प्रमुख असावा. त्याचा मोठेपणा मुकुटावरून नव्हे, तर कोठारावरून ओळखला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मंचरजवळच्या चांडोली येथेही त्याच काळची वस्ती उत्खननात सापडली. तेथील तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा टिकून राहिला होता. एरवी दोरा कुजून जातो. तांब्याच्या क्षारांमुळे तो वाचला. तीन हजार वर्षांपूर्वी येथे सूत कातले जात होते, हे त्या तुकड्याने सांगितले.

आज जुन्या वस्तीची पांढरी माती लोक खत म्हणून शेतात नेतात. कोणी गुप्तधनाच्या आशेने खणतो, रांजण लागला की फोडतो आणि आत हाडे दिसली की फेकून देतो. कोरियातील राजांच्या रक्षणाला दगडांची रास होती. आपल्या या पूर्वजांच्या डोक्यावर हातभर मातीच आहे. कुंभ फुटला की त्यातील मूल कोणत्या घराखाली, कोणत्या भांड्यांसह निजले होते, हे पुन्हा कधीच कळत नाही. तेव्हा नांगराला खापर लागले तर तेथेच थांबावे आणि जाणत्याला कळवावे. आपल्या भागाचे खरे धन ते हेच.